ऑकलंडचा अभ्यास आणि आपल्या एथिक्स कमिट्या : एका प्रकरणाची मांडणी

२० जून १९६६ रोजी न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात, नॅशनल विमेन्स हॉस्पिटलच्या वैद्यकीय समितीपुढे एक प्रस्ताव आला आणि मंजूर झाला. प्रस्ताव मांडणारे होते त्याच रुग्णालयातले सहयोगी प्राध्यापक हर्बर्ट ग्रीन. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : तपासणीत गर्भाशयमुखाचा ‘कार्सिनोमा इन सिटू’ आढळलेल्या, पस्तिशीच्या आतल्या ज्या स्त्रियांमध्ये पसरलेल्या कर्करोगाचं लक्षण नाही, त्यांच्यावर लगेच शस्त्रक्रिया करू नये. त्यांना ठरावीक काळाने बोलवावं, तपासावं आणि पुढे काय होतं ते पाहावं.

एथिक्स कमिटी, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी आणि त्यावर लक्ष ठेवणारी समिती, ती कशी नेमावी, कशी चालवावी हे शिकवताना बहुतेक ठिकाणी नियमांपासून सुरुवात होते : सदस्य किती, कोरम किती, फॉर्म कोणता. मला हे प्रकरण आधी सांगावंसं वाटतं, कारण आज आपल्याकडे जे नियम आहेत, त्यांतला प्रत्येक नियम कुठल्या दुखण्यावरचा इलाज आहे हे इथे दिसतं. आणि कुठल्या दुखण्यावर अजून इलाज सापडलेला नाही, तेही.

कार्सिनोमा इन सिटूमध्ये पेशी कर्करोगाच्या पेशींसारख्या दिसतात, पण वरच्या थरातच असतात, खाली उतरलेल्या नसतात. बाईला दुखत नाही, अंगावरून जात नाही. पॅप स्मिअर केला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तरच कळतं. ही कर्करोगाच्या आधीची पायरी आहे आणि तेवढा भाग पूर्ण काढून टाकावा, असं तेव्हाही जगभरातले बहुतेक स्त्रीरोगतज्ज्ञ मानत होते. त्यासाठी कोन बायोप्सी करत, म्हणजे शंकूच्या आकाराचा तुकडा कापून काढत, नाहीतर गर्भाशयच काढत. ग्रीन यांना ही पायरीची कल्पनाच मान्य नव्हती. बहुतेक जणींत हे दुखणं आहे तिथेच राहतं, असं ते मानत.

त्यांची बाजू आधी नीट समजून घ्यायला हवी. ज्यांना अजून मुलं व्हायची आहेत अशा तरुण बायकांची गर्भाशयं निव्वळ भीतीपोटी काढली जात होती आणि ग्रीन यांना ते खुपत होतं. ही तळमळ खोटी नव्हती. समितीपुढे येणारे बहुतेक प्रस्ताव असेच असतात. त्यामागे सज्जन माणूस असतो, खरा प्रश्न असतो. वाईट हेतूचा माणूस ओळखायला समिती लागत नाही. ती लागते ती एखाद्या चांगल्या माणसाला स्वतःच्या मताचा मोह पडला असताना त्याला अडवायला.

इतिवृत्तात अभ्यासाचा उद्देश नोंदवला आहे तो असा : कार्सिनोमा इन सिटू ही कर्करोगपूर्व अवस्था नाही, हे सिद्ध करण्याचा प्रयत्न. या वाक्यापाशी थांबा. प्रश्न विचारलेला नाही, उत्तर आधीच ठरलेलं आहे. आज एखाद्या समितीतला नवखा सदस्यसुद्धा इथे हात वर करील : समजा, सिद्ध झालं नाही, तर? किती जणींना कर्करोग झाल्यावर तुम्ही थांबणार? तो आकडा प्रस्तावात नव्हता. त्याऐवजी एक दिलासा होता, की रुग्णाच्या सुरक्षिततेची काळजी वाटली तर कोन बायोप्सी केली जाईल. कोणाला काळजी वाटली तर? ते लिहिलेलं नव्हतं. प्रत्यक्षात तो निर्णय ज्यांचा सिद्धांत तपासला जात होता त्यांच्याच हाती राहिला.

खोलीत कोण होतं? रुग्णालयाचे डॉक्टर. सगळे एकमेकांचे सहकारी, रोज एकमेकांच्या वॉर्डातून जाणारे, ज्येष्ठतेची उतरंड पाळणारे. बाहेरचं कोणी नाही, वकील नाही, आणि जिच्या अंगावर हा अभ्यास होणार तिच्या बाजूने बोलणारं कोणीच नाही. योगायोग असा की, त्याच्या चारच दिवस आधी, १६ जून १९६६ रोजी अमेरिकेच्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हेन्री बीचर यांचा लेख आला होता. नामांकित संस्थांमध्ये रुग्णांना न सांगता केलेल्या संशोधनाची २२ उदाहरणं त्यांनी त्यात मांडली होती. माणसांवरच्या संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्यालाही दोन वर्षं झाली होती. तेव्हा ‘त्या काळी कोणाला हे सुचतच नव्हतं’ असं म्हणायला फारशी जागा नाही.

बहुतेक स्त्रियांना आपण एका अभ्यासात आहोत हेच माहीत नव्हतं. त्या बोलावलं की येत, स्मिअर देत, घरी जात. वर्षानुवर्षं. इतक्या मोठ्या रुग्णालयात आपली नियमित तपासणी होते आहे, याचं त्यांना उलट समाधानच वाटत असणार.

शंका आल्या त्या आतून. त्याच रुग्णालयातले बिल मॅकइंडो कोल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुख पाहण्याची तपासणी) आणि पेशींची तपासणी पाहत. स्मिअर वारंवार खराब येत असूनही त्या बाईवर उपचार होत नाहीत, हे त्यांच्या टेबलावर रोज दिसत होतं. १९६९ पासून त्यांनी लेखी तक्रारी केल्या. पॅथॉलॉजिस्ट जॉक मॅक्लीन यांनीही १९७१ मध्ये लिहून दिलं. त्यांची एक हरकत फार गंभीर होती. एखाद्या बाईचा आजार पुढे पसरलेला निघाला, की जुन्या स्लाइड पुन्हा पाहून ‘हा तर सुरुवातीपासूनच पसरलेला होता’ असं ठरवलं जाई आणि ती केस कार्सिनोमा इन सिटूच्या यादीतून बाहेर जाई. असं केल्यावर सिद्धांत कधीच खोटा ठरत नाही.

या तक्रारी गेल्या कुठे? रुग्णालयाच्या प्रशासनाकडे आणि विभागाकडे. १९७५ मध्ये एक अंतर्गत गट नेमला गेला, त्यातही रुग्णालयाचीच माणसं. अभ्यास थांबला नाही. पुढे रुग्णालयात संशोधनासाठी एथिक्स कमिटी आली तेव्हा तिच्या अध्यक्षपदी विभागप्रमुख डेनिस बोनहॅम होते, म्हणजे ज्यांच्या विभागातलं काम तपासायचं, तेच तपासणारे. मॅकइंडो यांना दार ठोठवायला दुसरं घरच नव्हतं. समितीच्या रचनेबद्दल कितीही पानं लिहा, माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हाच. तक्रार ऐकणारा आणि जिच्याबद्दल तक्रार आहे ती व्यवस्था, ही दोन्ही एकाच छताखाली होती.

१९८४ मध्ये मॅकइंडो, मॅक्लीन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ रॉन जोन्स यांनी सहकाऱ्यांसह रुग्णालयाच्याच नोंदी वापरून एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात ९४८ स्त्रिया होत्या. पहिल्या उपचारानंतर ज्यांचे स्मिअर नीट येऊ लागले अशा ८१७. त्यांपैकी १२ जणींना पुढे पसरणारा कर्करोग झाला, म्हणजे दीड टक्का. आणि ज्यांचे स्मिअर खराबच येत राहिले अशा १३१. त्यांपैकी २९ जणींना कर्करोग झाला, म्हणजे २२ टक्के. शोधनिबंधाच्या संख्याशास्त्रीय हिशेबाने दुसऱ्या गटातला धोका जवळजवळ पंचवीसपट.

शोधनिबंध स्त्रीरोगतज्ज्ञांच्या एका मान्यवर मासिकात छापून आला आणि तसाच पडून राहिला. कोणाची नोकरी गेली नाही, कोणाला बोलावणं आलं नाही. मॅकइंडो १९८६ मध्ये वारले. तो निबंध वाचला दोन स्त्रीवादी लेखिकांनी : सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल. त्यांनी एका रुग्णाला शोधून काढलं, कागद मिळवले आणि जून १९८७ मध्ये ‘मेट्रो’ मासिकात सविस्तर लेख लिहिला. काही आठवड्यांत सरकारला चौकशी नेमावी लागली. न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांनी ती केली. पुढे त्याच देशाच्या गव्हर्नर जनरल झाल्या.

चौकशीत आणखी गोष्टी वर आल्या. नवजात मुलींचे, दोन हजारांहून अधिक बाळांचे, स्मिअर आईवडिलांना न विचारता घेतले गेले होते. भूल दिलेल्या बायकांची अंतर्गत तपासणी विद्यार्थी शिकण्यासाठी करत, आणि त्या बायकांना ते कधी कळतही नसे. कार्टराइट यांच्या लक्षात आलेली एक बाब मात्र कार्यालयीन वाटेल इतकी साधी होती : १९६६ चा अभ्यास औपचारिकपणे कधी बंदच केला गेला नव्हता. ग्रीन १९८२ मध्ये निवृत्त झाले, तरी ‘हा अभ्यास संपला’ असा ठराव कुठल्याही समितीच्या इतिवृत्तात नाही. ज्यांनी सुरू करायची परवानगी दिली, त्यांनी नंतर त्याची फाइल उघडून पाहिली नाही.

५ ऑगस्ट १९८८ रोजी अहवाल आला. त्यानंतर न्यूझीलंडने एथिक्स कमिट्यांची घडी बदलली. निम्मे सदस्य डॉक्टर किंवा संशोधक नसलेले, अध्यक्ष तसाच सामान्य नागरिक, आणि समिती रुग्णालयाच्या विभागप्रमुखांच्या हाताखालून बाहेर. १९९४ मध्ये कायदा करून रुग्णांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र आयुक्त नेमला आणि दोन वर्षांनी रुग्णहक्कांची संहिता लागू झाली. मॅकइंडो यांना जे दार हवं होतं, ते असं तयार झालं.

उपचार न करता स्त्रियांवर प्रयोग झाला, हा चौकशीचा निष्कर्ष सगळ्यांना मान्य झाला असं नाही. हा प्रयोग नव्हताच, त्या काळच्या सावध वैद्यकाचा तो एक प्रकार होता, असं म्हणणारेही आहेत, आणि २००९ मध्ये एका इतिहासकाराने तशी मांडणीही केली. पण आकडे मला त्या बाजूचे वाटत नाहीत. २००८ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त याच रुग्णालयाच्या नोंदींचा फेरअभ्यास आला. ज्या १४३ स्त्रियांची फक्त छोटी बायोप्सी झाली होती, त्यांच्यात तीस वर्षांत कर्करोग होण्याचं प्रमाण ३१.३ टक्के होतं. ज्या ५९३ जणींवर सुरुवातीपासून पुरेसे उपचार झाले, त्यांच्यात ०.७ टक्के. २०१८ मध्ये ऑकलंडच्या आरोग्य मंडळाने आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या व्यावसायिक संघटनेने माफी मागितली.

आता भारत. इथे एक गोष्ट आपल्याकडे फार कमी सांगितली जाते. ऑकलंडमध्ये हे चालू होतं त्याच काळात, १९७६ ते १९८८, दिल्लीत आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधन पाहणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या) इन्स्टिट्यूट ऑफ सायटॉलॉजी अँड प्रिव्हेंटिव्ह ऑन्कॉलॉजीमध्ये गर्भाशयमुखाच्या पेशींत बदल असलेल्या १,१५८ स्त्रियांवर उपचार न करता त्यांचा पाठपुरावा केला जात होता. हे बदल कसे पुढे सरकतात ते पाहायचं होतं. लेखी संमती घेतलेली नव्हती. काही जणींना कर्करोग झाला. १९९७ मध्ये वर्तमानपत्रांतून हे बाहेर आलं आणि संतापाची लाट उठली. तोवर आयसीएमआरकडे १९८० चं धोरणपत्रक होतं. सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं आली ती २००० मध्ये. औषध चाचण्यांसाठी शेड्यूल वाय या औषध नियमांच्या परिशिष्टात समितीची रचना २००५ ला आली, समित्यांची नोंदणी सक्तीची झाली फेब्रुवारी २०१३ मध्ये, आणि २०१९ च्या नव्या औषध व चिकित्सालयीन चाचणी नियमांनी ही चौकट पक्की केली.

त्या नियमांनुसार समितीत किमान सात सदस्य हवेत. त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री, एक कायदेतज्ज्ञ, आणि एक समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, तत्त्वज्ञ किंवा धर्मशास्त्राचा जाणकार यांपैकी कोणी. निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे. अध्यक्ष बाहेरचा, सदस्य सचिव संस्थेतला. पाच जणांच्या कोरममध्ये वैद्यकीय शास्त्रज्ञ (शक्यतो औषधशास्त्राचा जाणकार), डॉक्टर, वकील, समाजशास्त्रज्ञ किंवा तत्सम, आणि सामान्य नागरिक बसलेले असायलाच हवेत. म्हणजे पाच डॉक्टर जमले की बैठक झाली, असं आज चालत नाही. औषध चाचण्या पाहणाऱ्या समितीची नोंदणी केंद्रीय औषध नियामकाकडे होते, इतर आरोग्य संशोधन पाहणाऱ्या समितीची आरोग्य संशोधन विभागाकडे. नोंदणी पाच वर्षांसाठी.

१९६६ ची ती बैठक या नियमांपुढे टिकली नसती. कोरमच झाला नसता.

पण बारकाईने पाहा. बाहेरच्या अध्यक्षाला नेमतं कोण? तीच संस्था. नियमच तसा आहे. त्यामुळे संस्थेतून निवृत्त झालेले, आता कागदोपत्री ‘बाहेरचे’ असलेले अधिष्ठाता अध्यक्ष होऊ शकतात, आणि संचालकांच्या परिचयातले एक गृहस्थ सामान्य नागरिक म्हणून वर्षानुवर्षं बसू शकतात. कागदावर सगळं चोख असतं. मी सामान्य नागरिक सदस्य म्हणून बैठकांना बसते, आणि तिथला अनुभव असा की बाहेरचं माणूस खोलीत असणं वेगळं आणि त्याने तोंड उघडणं वेगळं. जाडजूड प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, बैठकीच्या आदल्या आठवड्यात हातात येतो, त्यातलं निम्मं संख्याशास्त्र, समोर मोठ्या नावाचे डॉक्टर. अशा वेळी ‘मला हे कळलं नाही’ म्हणायला धीर लागतो, आणि तो धीर देणं हे अध्यक्षाचं काम आहे. चांगले अध्यक्ष आधी सामान्य सदस्याला बोलायला सांगतात, डॉक्टरांना शेवटी. एवढ्या एका सवयीने चर्चेचा रंग बदलतो.

मी सहभागींना द्यायचं माहितीपत्रक हातात घेते तेव्हा आधी एकच मजकूर शोधते : सहभागी झाला नाहीत तर काय? बहुतेक पत्रकांत हे कुठेतरी आत, दोन ओळींत असतं : ‘आपल्या उपचारांवर परिणाम होणार नाही.’ पण म्हणजे कोणते उपचार? या आजारावर आज इथे, याच रुग्णालयात काय मिळतं, किती पैशांत, किती दिवसांत? ते लिहिलं नसेल तर फाइल परत जायला हवी. ऑकलंडच्या बायकांना हेच कोणी सांगितलं नव्हतं, की जगात इतरत्र तुमच्यावर शस्त्रक्रिया झाली असती.

हा मुद्दा आपल्या मुंबईतही आला. १९९८ पासून टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत एक मोठी चाचणी केली. ३५ ते ६४ वयाच्या स्त्रियांमध्ये अ‍ॅसेटिक आम्ल लावून गर्भाशयमुख नुसत्या डोळ्यांनी पाहायचं, आणि ही तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी करायची. ७५,३६० स्त्रियांना दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्यांत तपासलं. तुलनेच्या गटातल्या ७६,१७८ स्त्रियांना सुरुवातीला एकदा कर्करोगाविषयी माहिती दिली, तपासणी केली नाही. तपासलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. गरीब देशांसाठी हा फार मोलाचा निष्कर्ष आहे, त्यात वाद नाही. ऑकलंडशी त्याची बरोबरीही करता येणार नाही, कारण इथे कोणाचा सापडलेला आजार उपचाराविना ठेवला नव्हता. वाद झाला तो तुलनेच्या गटावरून. चाचणीला अमेरिकी सरकारचा पैसा होता, म्हणून तक्रार तिथल्या मानवी संशोधन संरक्षण कार्यालयाकडे गेली, आणि स्त्रियांना संमती देण्यासाठी पुरेशी माहिती दिली गेली नव्हती, असं त्या कार्यालयाने नोंदवलं. संशोधकांचं उत्तर होतं की तपासणी न होणं हीच भारतातली प्रचलित स्थिती आहे. मुंबईहूनच निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये २०१४ मध्ये यावर चर्चा झाली.

मला दोन्ही बाजूंचं वजन कळतं. तरीही ‘आपल्याकडे असंच असतं’ हे उत्तर समितीने फार सहज स्वीकारू नये असं वाटतं. पॅप स्मिअर मुंबईत मिळत होता. वस्तीतल्या बाईपर्यंत तो पोचत नव्हता, हे खरं. पण अशी तपासणी असते आणि ती अमुक ठिकाणी करून घेता येते, हे सांगायला यंत्रणा लागत नाही, एक वाक्य लागतं. ते वाक्य लिहायला लावणं, एवढं कोणत्याही समितीच्या हातात असतं.

शेवटचा भाग परवानगीनंतरचा, आणि तोच आपल्याकडे सगळ्यात कच्चा आहे. आजच्या नियमांत गंभीर प्रतिकूल घटनेची व्यवस्था कडक आहे : संशोधकाने २४ तासांत कळवायचं, मृत्यू असेल तर समितीने अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत आपलं मत नियामकाला पाठवायचं. सहभागींना धोका दिसला तर चाचणी थांबवण्याचा अधिकारही समितीला आहे. पण ऑकलंडमध्ये ‘घटना’ अशी घडलीच नाही. कोणी अचानक कोसळलं नाही. एकेका बाईचा आजार संथपणे पुढे सरकत होता आणि एकेकटी पाहिली तर प्रत्येक केस समजण्याजोगी वाटत होती. एकत्र मोजल्यावरच २९ दिसल्या. अशी मोजणी संशोधकाशिवाय दुसऱ्या कोणीतरी, ठरलेल्या मुदतीने करावी लागते. मोठ्या चाचण्यांत त्यासाठी स्वतंत्र डेटा सेफ्टी मंडळ असतं. लहान, रुग्णालयाच्या पातळीवरच्या अभ्यासांत ते नसतं, आणि तिथे समितीच तेवढी उरते.

म्हणून माझी एक मागणी असते, आणि ती मी दर बैठकीत करते. विषयपत्रिकेत नवे प्रस्ताव आधी आणि ‘चालू अभ्यासांचे वार्षिक अहवाल’ शेवटी असतात. शेवटचा विषय येईपर्यंत संध्याकाळ झालेली असते, दोघं तिघं निघून गेलेले असतात, आणि अहवाल ‘नोंद घेतली’ या दोन शब्दांत संपतात. हा क्रम उलटा करावा. आधी चालू अभ्यास घ्यावेत : किती जण आले, किती सोडून गेले, का गेले, किती जणांचा आजार वाढला, प्रस्तावात ठरलेला थांबण्याचा आकडा किती होता आणि आपण त्याच्या किती जवळ आहोत. ज्या अभ्यासाचा अहवाल आलेला नाही त्याच्या प्रमुख संशोधकाला त्याच दिवशी पत्र जावं, आणि संपलेला अभ्यास संपल्याची नोंद इतिवृत्तात व्हावी. नवे प्रस्ताव त्यानंतर. वेळ उरला नाही तर ते पुढच्या महिन्यात घेता येतात.